सांभाळून घ्या

आमच्या ताईंना भिंतीपलीकडच्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. मी आंघोळीला गेले की बाहेर यांचे कान टवकारलेले, आणि चार मिनिटं झाली न झाली की दारावर टकटक. "वहिनीबाई, अख्खी टाकी एकटीसाठी नाही हो!" ताई म्हणजे माझी थोरली नणंद. पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या देशात आल्या. भाऊजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मला 'वहिनीबाई' त्या फक्त टोचायचं असलं की म्हणायच्या, आणि गेले पाच महिने मला दुसरी हाक ऐकूच आली नव्हती.

मी आले होते काम शोधायला. सरकारी परवानाच तसा होता, सहा महिन्यांचा. सहा महिन्यांत माझ्या धंद्यातली नोकरी मिळाली तर मी राहणार, मग मागून हे आणि आमची नऊ वर्षांची पोरगी येणार. नाही मिळाली तर गाशा गुंडाळा आणि परत चला, आणि पाच वर्षं पुन्हा तोंड दाखवू नका. त्यात 'माझ्या धंद्यातली' हे महत्त्वाचं. भांडी घासली, लाद्या पुसल्या, तर ते काम धरत नाहीत. म्हणजे घाम गाळायची तयारी असली तरी उपयोग शून्य.

माझा धंदा कवळ्यांचा. दातांचा डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतो, पुढचं सगळं आम्ही करतो. प्लॅस्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, साच्यात घालून पक्कं करायचं, मग घासून-पुसून चकचकीत करायचं. सोळा वर्षं मी हे एकाच ठिकाणी केलं, सरांच्या हाताखाली. सर म्हणजे तिथले मालक. आमच्या गावात निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात.

पण इथे त्याला कोण विचारतं? एक्केचाळीस ठिकाणी अर्ज पाठवले. तीस जणांनी उत्तरच दिलं नाही. बाकीच्यांची छापील पत्रं, शेवटी 'आपल्या भवितव्यासाठी शुभेच्छा'. शुभेच्छा काय चाटायच्यात? एका ठिकाणी दोन तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग एक पोरगेलासा साहेब येऊन विचारतो, इथल्या कामाचा अनुभव आहे का? अरे बाबा, तू काम दिलंस तर येईल ना अनुभव! आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर, असली ही तऱ्हा. काम शोधणाऱ्यांच्या कचेरीत तर खिडकीतली बाई माझ्याकडे न बघताच कागद परत सरकवायची. तिचा चेहरा मला आठवत नाही, नखं आठवतात.

घरी आलं की ताई तयारच. "मिळालं?" हा प्रश्न नव्हता, चिमटा होता. मी मान हलवली की म्हणायच्या, "मी सांगितलं नव्हतं? इथे आपल्या शिक्षणाला कोणी हिंग लावून विचारत नाही. मी हायस्कूलला गणित शिकवायचे. आता काय करते? औषधांची खोकी भरते, चौदा वर्षं. तू कोण मोठी लागून गेलीस?" मी मनात म्हणायचे, तुम्ही खोकी मोजा, मला दातच मोजायचेत. एकदा ते मनातलं तोंडावाटे गेलं. त्या दिवसापासून माझा टॉवेल आतल्या दांडीवरून बाहेरच्या खुर्चीवर गेला.

परवान्याचे एकोणतीस दिवस उरले असताना बेचाळिसाव्या ठिकाणाहून बोलावणं आलं. तळघरातली लॅब. छताला लागून एक आडवी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसायचे. मालकीण साठीची, बारीक कापलेले केस, चष्मा कायम डोक्यावर आणि शोधायची टेबलावर. म्हणाली, दहा दिवस काम करून दाखव. पगार नाही, जेवण आपलं आपण आणायचं. मी म्हटलं, चालेल. चालेल काय, धावेल!

तिथलाही कारभार प्रेमाचा नव्हताच. पॉलिशच्या यंत्रावर बसणारा एक राकट बाप्या होता. त्यानं पहिल्याच दिवशी माझं स्टूल उचलून मोरीपाशी ठेवलं, तिसऱ्या दिवशी माझी मेणाची सुरी गायब केली. विचारलं तर खांदे उडवतो. मी घरून भाजी चिरायची सुरी आणली आणि तिनं दात बसवले. बस बघत, मेल्या!

सहाव्या दिवशी एका म्हाताऱ्याची कवळी तिसऱ्यांदा परत आली. बोलताना टकटक वाजते ही तक्रार. मी म्हटलं, त्या बाबांनाच इथे बोलवा. सगळे हसले, कारण तिथे पेशंट तळघरात येत नाही, कवळी वर जाते. आमच्याकडे सर पेशंटला समोर बसवून गप्पा मारायला लावायचे, आणि मी नुसतं ऐकून कुठला दात उंच आहे ते सांगायचे. मालकिणीच्या काय मनात आलं कोण जाणे, बोलावलं तिनं म्हाताऱ्याला. मी त्याला त्याच्या नातवंडांबद्दल विचारलं. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले, मग खालच्या डाव्या दोन दाढा केसभर घासल्या. टकटक बंद. म्हातारा जिना चढून जाताना स्वतःशीच बोलत होता, आवाज येतो का बघायला.

मालकीण म्हणाली, "तुझा हात फार चांगला आहे." मी गोंधळलेच. सोळा वर्षांत सरांनी असं एकदाही तोंडावर म्हटलं नव्हतं. आमच्याकडे म्हणत नाहीत. काम चांगलं झालं की सर म्हणायचे, "हं, ठेव तिकडे." तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत असायचे.

दहावा दिवस शुक्रवार होता. मालकिणीनं सांगितलं, सोमवारी कागद करू, पण आधी मला दोन माणसांचे नंबर दे, तुला ओळखणाऱ्या. एक जुना मालक, एक इथलं. मी फोनवर दोन वाक्यं बोलेन, इथली रीतच आहे. मी सरांचा नंबर दिला. इथलं दुसरं कोण होतं मला? ताईंचा दिला. परवान्याचे एकोणीस दिवस बाकी होते आणि मी घरी जाताना चक्क गाणं गुणगुणत होते.

फोन शनिवारी दुपारी आला. मी मोरीवर तांदूळ धूत होते. ताईंनी नंबर बघितला, केसांवरून हात फिरवला, जणू ती बाई समोरच बसलीय, आणि खुर्चीत ताठ बसून इथल्या भाषेत बोलायला लागल्या. ती भाषा ताईंना माझ्यापेक्षा कितीतरी चांगली येते. "हो, माझ्या भावाची बायको. मेहनती आहे, पण अजून शिकतेय हो. जरा घाई करते. चुकली तर खुशाल बोला, दोन शब्द ऐकवा, आम्हाला वाईट वाटणार नाही. तुमच्या हाताखाली दिलीय, सांभाळून घ्या."

खरं सांगते, मला काही खटकलं नाही. उलट बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा बाई माझ्यासाठी घरच्या माणसासारखं बोलल्या. मला सरांकडे लावलं तेव्हा माझ्या वडलांनी हेच म्हटलं होतं, लग्नात माझ्या आईनं सासूबाईंना हेच म्हटलं होतं. तांदळाचं पाणी ओतता ओतता मी मनात म्हटलं, चला, दगडाला पाझर फुटला.

सोमवारी मी नवा एप्रन घेऊन गेले. मालकिणीनं तो पिशवीतून काढूच दिला नाही.

"मला जमणार नाही," ती म्हणाली. "तुझं दहा दिवसांचं काम मी पाहिलं. पण दहा दिवस कोणीही जपून वागतं. तुझ्या घरची बाईच सांगते की तू घाई करतेस, चुका करतेस, तुला ओरडावं लागतं. इथे माणसांच्या तोंडात जाणारी वस्तू बनते."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. आठवतो तो पॉलिशवाला. त्यानं माझं स्टूल उचललं आणि जागेवर नेऊन ठेवलं.

बसमधून येताना तेच शब्द मी पुन्हा पुन्हा आठवले आणि दर वेळी ते जास्त कडू झाले. घाई करते. चुकली तर. अजून शिकतेय. अजून शिकतेय? सोळा वर्षं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोड बोलून गळा कापला बाईनं, आणि मी मूर्खासारखी तांदूळ धूत खूश होत होते.

ताई कामावरून आल्या तशी मी त्यांना दारातच धरलं.

"काय सांगितलंत तिला? माझी नोकरी घालवलीत तुम्ही!"

त्यांना आधी कळेच ना. मग सगळं ऐकल्यावर हातातली पिशवी तशीच धरून त्या म्हणाल्या, "मग काय सांगायला हवं होतं? आमची वहिनी म्हणजे रत्न आहे, कोंदणात बसवा? आपल्या माणसाची आपणच लाल करायची? जनाची नाही तर मनाची तरी!"

"पंधरा वर्षं इथे राहताय! इथे कसं बोलतात हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"कुठून ठाऊक असणार?" ताई ओरडल्या. "मला कोणी केलाय असा फोन कधी? खोकी भरायला लावताना कोण कोणाला विचारतं? हात दोन आहेत का, एवढं बघतात!"

तिथे मी थांबायला हवं होतं. पण आमची जीभ म्हणजे उचलली की लावली टाळ्याला. मी म्हटलं, "खरं सांगू? तुम्ही जळता माझ्यावर. तुम्हाला तुमचं काम मिळालं नाही ना, मग मलाही मिळायला नको. मला परत पाठवायचंय तुम्हाला. माझी पोरगी तिकडे रोज दिवस मोजतेय, आणि तुम्ही सख्खी आत्या!"

ताईंचा चेहरा एकदम उतरला. पिशवी खाली ठेवून त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं.

रात्री मी सरांना फोन केला. तिकडे सकाळ होती, लॅब उघडायची वेळ. म्हटलं, निदान त्यांना तरी सावध करावं, कुठून विचारणा झाली तर नीट बोला म्हणून. तर सर माझा आवाज ऐकताच खुलले.

"अगं, तुझ्या त्या बाईंचा फोन आला होता की शनिवारी! दुभाष्याला घेऊन बोलत होती. मी अगदी व्यवस्थित सांगितलं. म्हटलं, आमच्या घरचीच पोरगी आहे, थोडी तापट आहे, चुकलं-माकलं तर कान धरा, पण सांभाळून घ्या. झालं ना काम?"

सरांनी माझ्या जागी अजून कोणाला बसवलेलं नाही. माझं टेबल झाकून ठेवलंय म्हणे. ते माझं वाईट चिंतणार? मी "हो सर, झालं" म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे ताईंनी काही वावगं केलं नव्हतं. जे सर बोलले, जे मी स्वतः माझ्या पोरीसाठी उद्या कोणाला बोलले असते, तेच त्या बोलल्या होत्या. आता उठून ताईंच्या दारावर टकटक करावी, माफी मागावी, एवढंच काम होतं. दार पाच पावलांवर होतं. मी गेले नाही. म्हटलं, उद्या नोकरीचं बघू, मग माफीचं. आधी पोटाचं, मग मनाचं.

सकाळी ताई नेहमीपेक्षा तासभर आधीच निघून गेल्या होत्या. मी आठ वाजता तळघरात हजर झाले. मालकीण प्लॅस्टर कालवत होती, हात कोपरापर्यंत पांढरे. मला बघून तिनं भुवया उंचावल्या, पण हाकललं नाही.

मी आधी खरं तेच सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे आपल्या माणसाची स्तुती आपण करत नाही. दुसऱ्याच्या हाताखाली द्यायचं तर तो लहान आहे, चुकेल, सांभाळा, असंच म्हणतात. ती बोलण्याची रीत आहे. त्याचा अर्थ माणूस वाईट आहे असा नाही, आमचा आहे असा आहे.

तिनं प्लॅस्टर ढवळत ऐकून घेतलं. "म्हणजे मी कामाबद्दल सरळ प्रश्न विचारला," ती म्हणाली, "आणि तुझ्या दोन्ही माणसांनी मला मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. नम्रतेपोटी. मग उद्या तू बिघडलेली कवळी ठीक आहे म्हणालीस, तर ते कशापोटी असेल?"

काय सांगणार, कप्पाळ! प्लॅस्टर घट्ट व्हायला लागलं होतं. ते एकदा घट्ट झालं की ती साच्याकडे वळणार, आणि मी जिना चढून वर. मला पोरीचा चेहरा दिसला. विमानतळावर तिला घ्यायला जायचं माझं सगळं ठरलेलं होतं, कुठे उभी राहीन इथपर्यंत.

मी म्हटलं, "बरं, आता खरं सांगते. मघाशी लाज वाटत होती. माझी नणंद माझ्यावर जळते. तिला इथे तिच्या शिक्षणाचं काम मिळालं नाही, ती गोदामात खोकी भरते. मला चांगलं काम मिळतंय हे तिला बघवत नाही, म्हणून ती खोटं बोलली. आणि जुन्या मालकाला राग आहे, मी त्याला सोडून आले म्हणून."

सरांचंही वाटोळं केलं मी, एका दमात. आणि काय सांगू, त्या बाईचा चेहरा सैल झाला. रीत तिला कळली नव्हती, हेवा लगेच कळला. हेवा सगळीकडे पिकतो.

"हे मला समजतं," ती म्हणाली. तिनं प्लॅस्टर साच्यात ओतलं, साचा टेबलावर आपटून बुडबुडे काढले, हात धुतले. मग डोक्यावरचा चष्मा टेबलावर शोधत म्हणाली, "आणि जुळतंही. सकाळी सात वाजता तिचा फोन आला होता."

"कोणाचा?"

"तुझ्या नणंदेचा. म्हणाली, मी शनिवारी खोटं बोलले. तिला तिचं काम मिळतंय, मला कधी मिळालं नाही, म्हणून जळून बोलले. तिच्यासारखा हात तुम्हाला मिळणार नाही, असंही म्हणाली. बाहेर गाड्यांचा आवाज होता, रस्त्यातून बोलत असावी. अशी कबुली देणं सोपं नसतं. मी तुला दुपारी बोलावणारच होते." तिला चष्मा डोक्यावर सापडला. "तरी अशा बाईबरोबर राहू नकोस. गुरुवारपासून ये. कागद आजच करते."

मी आले नसते तरी चाललं असतं. मी तोंड उघडायच्या आधीच नोकरी माझी झाली होती. त्या गणिताच्या बाईनं रात्रभर बसून हिशोब केला असणार की इथल्या माणसाला काय पटेल, आणि माझंच वाक्य उचलून स्वतःवर घेतलं. आणि मी तेच वाक्य त्यांच्या पाठीमागे, त्याच माणसाला, त्यांच्या नावानं विकलं होतं. माझी मलाच किळस आली.

दुपारी ताई आल्या. बूट काढले, पाय पुढे करून खुर्चीत बसल्या. दिवसभर उभं राहून त्यांच्या घोट्यांना सूज येते. माझ्याकडे न बघताच विचारलं, "मिळालं?"

"मिळालं. गुरुवारपासून."

"बरं." मग म्हणाल्या, "आता महिन्याभरात स्वतःची खोली बघ. माझ्या भावाला नि भाचीला या घरात दाटी होईल." आवाज नेहमीसारखाच, खरखरीत. मी सगळं बोलायचं ठरवून बसले होते, सरांचा फोन, माफी, सगळं.

"ताई, तुम्ही तिला फोन केलात."

"केला. एवढं काय त्यात? मला कुठे तिथे तोंड दाखवायचंय? परक्या बाईनं मला जळकी म्हटलं तर म्हणू दे." त्यांनी घोटा दाबला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वर पाहिलं. "तू काय सांगितलंस तिला?"

मी, जी सगळ्यांना तोंडावर बोलते, जिची जीभ आवरत नाही, ती मी म्हणाले, "मला काही बोलायची वेळच आली नाही. तुमचा फोन झालेला होता."

ताईंनी मान हलवली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "काल घरात बोललीस ते घरात राहिलं. भांडण कुठे होत नाही? पण तेच तू बाहेर जाऊन बोलली असतीस ना, तर मला फार लागलं असतं."

मी "हो" म्हटलं, आणि चहा ठेवायला उठले.